आधी का नाही आलात म्हणे!

काल संध्याकाळी ग्यारेजवाला कळकट फडक्याने हात पुसत माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "साहेब, गाडीचा जॉइंट पार गेलाय. आधी का नाही आलात?"

आधी का नाही आलात! चार वेळा आलो होतो रे बाबा, चार वेळा! याच जॅकशेजारी उभा राहून तोंडाने कट्-कट्-कट् आवाज काढून दाखवला होता. चाळिशी उलटलेला माणूस, इस्त्रीच्या शर्टात, ग्यारेजमधल्या तीन पोरांसमोर एक्सलची, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याची, नक्कल करतोय आणि पोरं हसू दाबायला पान्हे शोधतायत. तो अपमान मी गिळला. एका पोराने तर विचारलंही, "काका, कट्-कट् की टक्-टक्?" तेही गिळलं, दोन्ही काढून दाखवले. आणि आता हा मला विचारतो आधी का नाही आलात! वर चेहरा असा, की गाडीच्या बापाला पोरीची तब्येत उशिरा दाखवल्याबद्दल डॉक्टर झापतोय.

पहिल्या खेपेला गाडीने तोंडच उघडलं नाही. ते अपेक्षितच होतं म्हणा. पार्किंगमधून निघताना स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की कट्-कट्-कट्, यू-टर्नला कट्-कट्-कट्, आणि ग्यारेजच्या दारात शिरलं की पहिल्या बाकावरचं गुणी बाळ. तरी म्हटलं ट्रायल घ्या. घेतली. नाकासमोर सरळ गेला, नाकासमोर सरळ आला. "काही नाही साहेब, गाडी ओके आहे." अहो, मी काय सांगितलं होतं? वळताना. व-ळ-ता-ना! मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण कापून, हळू, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत एक चक्कर उजवीकडे मारायची, एक डावीकडे. दोन मिनिटं लागत नाहीत. पण नाही, कारण ट्रायल हे निदान नसतं, तो त्यांच्या चहानंतरचा फेरफटका असतो.

दुसऱ्या खेपेला सस्पेन्शनचे लिंक रॉड बदलले. खड्ड्यात गाडी मूग गिळून बसायची, वाजायची ती गुळगुळीत रस्त्यावर, वळताना. लिंक रॉड खड्ड्यात बोलतो हे मला आता कळतं, त्याला तेव्हाही कळत असणार. तिसऱ्या खेपेला व्हील बेअरिंग. बेअरिंग घूंऽऽऽ करतं हो! सरळ जातानाही करतं, वेग वाढला की घूं वाढतं. मी चार दिवस घसा कोरडा करून कट्-कट् करत होतो, घूं मी एकदाही केलं नव्हतं. बरं, बदललं तेही कुठलं? उजवं. उजवीकडे वळताना वाजतं ना, मग उजवं! आणि उजवीकडे वळताना भार कुठे येतो? डावीकडे. अशा वेळी बहुतेकदा वाजतो तो वळणाच्या बाहेरच्या चाकाचा जॉइंट. (जॉब कार्डावर 'उजव्या बाजूने आवाज' असं मीच लिहून सही केली होती. पण पेशंटने पोट दुखतंय म्हटलं म्हणून कोणी पोट कापत नाही.)

चौथ्या खेपेला तो शब्द आला, ज्याची मला मनापासून चीड आहे. 'नॉर्मल.' "एवढा आवाज नॉर्मल आहे साहेब, या मॉडेलला येतोच." नॉर्मल! गाडी घेतल्यावर तीन वर्षं हा नॉर्मल आवाज कुठे तोंड लपवून बसला होता? एसीतून वास येतो, नॉर्मल. क्लच कडक झालाय, नॉर्मल. दर खेपेला न सांगता अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग बिलात, तेही नॉर्मल. गाडी परत मिळते तेव्हा सीट सहा फुटी माणसासाठी मागे सरकवलेली, आरसा छताकडे बघतोय, रेडिओवर भलतंच स्टेशन, आणि दाराच्या आतल्या कापडावर ग्रीसचा अंगठा, जणू भाडेकरारावर उठवलेला. त्या अंगठ्यांवरून मी आता पोरं ओळखू शकतो.

काल शेवटी त्यातलंच सर्वांत लहान पोर, टक्-टक्वालं, गाडीखाली सरकलं आणि अर्ध्या मिनिटात ओरडलं, "बूट फाटलाय ओ!" डावा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे तोच एक्सल, आणि त्याचा बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट. रबराचा तो घड्या घड्यांचा बूट चिरला, ग्रीस बाहेर उडालं, धूळ-पाणी आत गेलं आणि आतल्या सहा गोळ्या आपापल्या खाचा खात बसल्या. ती कट्-कट् म्हणजे त्या गोळ्यांचं जेवण. वेळेत दिसलं असतं तर नवा बूट, नवं ग्रीस आणि क्लिप, एवढ्यावर भागलं असतं. आता अख्खा एक्सल. आणि हे दिसायला काय लागतं? चाक वळवून आत वाकून बघायचं. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं. आंधळ्यालाही दिसेल.

तर. आता तोंडातून निघालंच आहे तर सांगून टाकतो. मला ते दिसलं होतं.

पाचेक महिन्यांपूर्वी गाडी धुताना डाव्या चाकाच्या आत तो काळा चिकट थर दिसला होता. मी काय केलं? रॉकेल लावून, जुन्या बनियनने, गुडघे टेकून, रिम आतून चकाचक पुसली. बायकोला बोलावून दाखवलीसुद्धा. महिन्याभराने परत थर आला, परत पुसला, डांबराला शिव्या घातल्या. पुढे कट्-कट् सुरू झाली तेव्हा दोन आठवडे मी गाण्यांचा आवाज वाढवून ती दुरुस्तही केली होती. त्यामुळे 'आधी का नाही आलात' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते त्या माणसाला कधीही मिळणार नाही.

असो. रात्री आठपर्यंत उभा राहून काम करून घेतलं. शाफ्ट ओढला तेव्हा गिअर ऑइल सांडलं. ते परत भरलं का, असं तीनदा विचारलं. जुनाच एक्सल नट ठोकून बसवायला निघाले होते, नवा आणायला लावला. निघताना म्हटलं, जुना पार्ट द्या. माझा आहे, मी नेणार. हो, पुरावा म्हणून! त्याने मुकाट्याने डिकीत टाकला.

आज सकाळी निघालो. पार्किंगमधून उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग. कट्-कट् नाही! समाधानाने डोळे मिटणार, तेवढ्यात मागून धाड्! डावीकडे वळलो, परत धाड्! डोक्यात असा जाळ झाला की गाडी तिथेच बाजूला घेतली, ग्यारेजला फोन लावला, पाच मिनिटं जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, जरा डिकी उघडून बघा."