लोकमान्य टिळकांच्या नाण्याविषयी आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

सादर नमस्कार.

लोकमान्य टिळकांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त निघालेले १०० रुपयांचे, २००७ सालचे स्मारक नाणे आपण आमच्या रत्नागिरीच्या दुकानातून मागवले होते. त्याविषयी आपण पाचपैकी एकच तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. नाणे चांदीचे म्हणून विकले, पण सराफाने कसोटीवर घासून त्यात निम्मीच चांदी असल्याचे सांगितले. दोन महिन्यांत त्यावर काळे डाग पडले आणि ते घासूनही गेले नाहीत. टिळकांची दीडशेवी जयंती २००६ ची असताना नाण्यावर २००७ कसे, म्हणजे ते खरे तरी आहे का. आणि ज्या जुन्या संग्राहकांना आपण ते दाखवले त्यांच्या मते हे मुळात नाणेच नव्हे, असे आपले म्हणणे आहे. आपला राग समजण्यासारखा आहे, आणि त्यातला काही भाग आमच्या चुकीमुळेच ओढवलेला आहे.

ती चूक आधी सांगतो. विक्रीच्या माहितीत आम्ही 'चांदीचे स्मारक नाणे' एवढेच लिहिले होते. चांदीचा कस किती, ते लिहिलेले नव्हते. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे नाणे कशाचे असते ते तोंडपाठ असल्यामुळे ते लिहिण्याची गरज आम्हाला कधी भासली नाही. पण पहिल्यांदाच नाणे घेणाऱ्याने 'चांदीचे' हा शब्द वाचून सराफाकडच्या लक्ष्मीच्या शिक्क्यासारखी शुद्ध चांदी गृहीत धरली, तर त्यात त्याचा दोष नाही. हे नाणे ३५ ग्रॅम वजनाचे आणि ४४ मिलिमीटर व्यासाचे असून त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त असते. जुन्या हिशोबाने सांगायचे तर तीन तोळ्यांच्या नाण्यात दीड तोळा चांदी. सराफाने आपल्याला सांगितले ते खरे आहे. मात्र त्यावरून नाणे खोटे ठरत नाही, उलट ते जसे असायला हवे तसेच आहे.

हा निम्मा कस आजचा नव्हे. आपल्याकडे अनेक घरांत आजीच्या डब्यात राणीछाप रुपये निघतात. त्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, आणि वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासू लागली तेव्हा १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल व जस्त घातले. प्रमाण हेच, ५०, ४०, ५ आणि ५. पुढे १९४७ मध्ये रुपयातून चांदी पार गेली आणि तो निव्वळ निकेलचा झाला. स्वतंत्र भारताने १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला काढलेल्या १० रुपयांच्या नाण्यात ८० टक्के चांदी होती, पण नंतरच्या अनेक मोठ्या स्मारक नाण्यांना पुन्हा तो युद्धकाळातला निम्म्या चांदीचाच मिश्रधातू लागला. २०१८ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या स्मरणार्थ निघालेले १०० रुपयांचे नाणेही ह्याच धातूचे, ह्याच वजनाचे आहे.

कस तपासण्यासाठी नाणे दगडावर घासण्याची गरज नसते. आमच्या दुकानात काउंटरवर एक काटा आणि पाण्याचे भांडे ठेवलेले आहे. नाणे दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोलले, की ३५ ग्रॅमचे हे नाणे काट्यावर सुमारे ३१.३ ग्रॅम भरते. तेवढ्याच वजनाची शुद्ध चांदी ३१.६६ ग्रॅम भरली असती. फरक अर्ध्या ग्रॅमहूनही कमी आहे, पण चांगल्या काट्यावर तो लपत नाही, आणि नाण्याला ओरखडाही उठत नाही. गिऱ्हाइकासमोर हे करून दाखवायला मला आवडते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात कडेच्या दात्यांवर कसोटीच्या घासणीची खूण स्पष्ट दिसते, आणि खरे सांगायचे तर निम्म्या चांदीपेक्षा त्या खुणेनेच मला जास्त वाईट वाटले.

डागांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हे दुखणे आपल्या किनाऱ्यावर सर्वांचे आहे. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, आणि ह्या नाण्यात तांबे भरपूर असल्यामुळे खाऱ्या, दमट हवेत ते तपकिरी व हिरवटही पडते. खाडीलगतच्या घरात पावसाळ्याचे चार महिने कपाटातले कपडेसुद्धा बुरशी धरतात. तेथे नाणे कोरे राहील अशी अपेक्षा धरता येत नाही. ह्यात आमचाही वाटा आहे, हे मान्य करतो. डबी फुटू नये म्हणून आम्ही नाणे काढून मऊ प्लास्टिकच्या पाकिटात घातले आणि डबी वेगळी पाठवली. ते पाकीट प्रवासापुरतेच होते, त्यात नाणे ठेवायचे नसते, हे सांगणारी चिठ्ठी सोबत हवी होती. तसले पीव्हीसीचे पाकीट कालांतराने चिकट होते आणि धातूला खाते. पण त्यानंतर आपण नाणे चिंच आणि रांगोळीने घासले, असे आपणच लिहिले आहे. घरची समई त्याने लखलखते, हे खरे. प्रूफ नाण्याचा, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या अशा नाण्याचा, पृष्ठभाग मात्र आरशासारखा गुळगुळीत असतो आणि त्यावर रांगोळीचा प्रत्येक कण आपली रेघ ठेवून जातो. डाग पडलेल्या नाण्याला निदान गिऱ्हाईक मिळते, घासलेल्याला संग्राहक हातही लावत नाहीत.

वर्षाची शंका लवकर मिटेल. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी येथेच रत्नागिरीत झाला, म्हणून दीडशेवी जयंती २००६ ची. परंतु जयंतीची तारीख आणि नाण्यावरचे साल एकच असले पाहिजे असे नाही. ह्याच निमित्ताने निघालेल्या ५ रुपयांच्या नाण्यावरही २००७ च आहे.

राहिला आपल्या परिचित संग्राहकांचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यावर आमच्या दुकानात चहा गार होईपर्यंत वाद झालेले आहेत. जे नाणे कधी बाजारात फिरलेच नाही, जे छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून पेटीत घेतले जाते, ते नाणे नसून पदक आहे, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याचे म्हणणे असे, की सरकारने कायद्याने काढले, त्यावर मूल्य आणि सिंहमुद्रा आहे, मग ते नाणेच. माझे स्वतःचे मन पहिल्या पक्षाकडे झुकते. टिळकांचे ते ५ रुपयांचे नाणे मला एकदा मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात सुट्या पैशांत मिळाले, पगडीची कड झिजलेली आणि खवल्यांचा वास असलेले. ते मी विकलेले नाही. पण म्हणून १०० रुपयांचे नाणे घेणाऱ्याला मी हसणार नाही. कोणी ते धातूसाठी घेत नाही, टिळकांसाठी घेतो, आणि टिळक आळीत वाढलेल्या माणसाला ते पेटीत जपून ठेवावेसे वाटले तर त्यात गैर काय? दाभोळ, चौलच्या बंदरांत एके काळी चांदीच्या दुमडलेल्या तारेची 'लारी' चालत असे. आजच्या व्याख्येने तिलाही कोणी नाणे म्हटले नसते.

चांदीच्या कसाची माहिती विक्रीपूर्वी देणे हे आमचे काम होते आणि ते झाले नाही. त्यामुळे कसोटीची खूण व घासल्याच्या रेघा असूनही आम्ही हे नाणे परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ. पाठवण्याचा खर्चही आमच्याकडे राहील. दुकानातील प्रत्येक चांदीच्या नाण्यापुढे आता कस आणि वजन लिहिले आहे, आणि बाहेरगावी जाणारे नाणे डबीतूनच जाते. आपल्याला नाणे ठेवायचे असेल तर हवाबंद गोल डबी आम्ही विनामूल्य पाठवू. ती ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद डब्यात ठेवावी आणि पुडी पावसाळ्यात दर महिन्याला बदलावी. परत करायचे असल्यास ते आहे तसेच पाठवावे. कृपया त्याआधी ते पुन्हा घासू नये.

आपला विश्वासू,
दुकानाचा मालक, रत्नागिरी