‘धनुष्य करायला पुस्तक कशाला?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ठाण्यातल्या हौशी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय: लाकडी धनुष्य करायला व्हिडिओ पुरतात, पुस्तकं सगळी यू आणि ओसेज या परदेशी लाकडांची, आपल्या कामाची नाहीत, घ्यायचंच तर चार खंडांचा जाडजूड संच घ्या, काठी येऊरच्या जंगलातून आणा.

हत्यार कसं धरायचं ते व्हिडिओतच कळतं, मान्य. पण धनुष्य घडतं टिलरिंगमध्ये: थोडं खरवडा, वाकवून बघा, ताठ जागा हेरा, पुन्हा खरवडा. हे तासन्‌तासांचं काम व्हिडिओत मिनिटभरात उरकलेलं असतं. म्हणून पुस्तक चाळताना आधी तेच प्रकरण उघडावं. चुकीच्या वाकांची चित्रं आणि त्यांवरचे उपाय नसतील तर खुशाल परत ठेवा, छपाई कितीही देखणी असो.

परदेशी लाकडाचा आक्षेप वरवर पटतो. पण ओसेजच्या धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे तिरंदाजापासून लांबच्या बाजूवर, एकच वार्षिक वलय अखंड राखा, असं ही पुस्तकं का सांगतात? ताण पाठीवर येतो. तिथले तंतू कापले गेले की धनुष्य मोडतं. बांबूचे सगळ्यात चिवट तंतू सालीलगत असतात. म्हणजे साल पाठीला ठेवायची आणि खरवडायचं आतून. आपल्या धामण झाडाच्या काठीलाही न्याय तोच. कारण सांगणारं पुस्तक इथेही चालतं, नुसती मापं देणारं नाही.

ही पुस्तकं खरी फसवतात ती हवामानात, आणि फॉरवर्डमध्ये त्याचं नावही नाही! लाकडात ओल ९-१० टक्के हवी. हवेत ५० टक्के आर्द्रता असली की लाकूड आपसूक तिथवर येतं. आपल्याकडे जुलैत, ८५ टक्क्यांत, ते १७-१८ वरच अडकतं. वजन घटायचं थांबलं म्हणून काठी सुकली असं धरून चाललात, तर धनुष्य कायमचा बाक धरणार. सुकवायचं काम उन्हाळ्यात उरकावं.

संचाचं म्हणाल, तर ‘ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’चा पहिला खंड १९९२चा, चौथा २००८चा. लाकूड सुकवणं आणि टिलरिंग पहिल्यातच आहे. नवशिक्याला तेवढा पुरे. अमेरिकन धनुर्धर सॅक्स्टन पोपचं १९२३चं पुस्तक नेटवर फुकट मिळतं, वाचायला झकास, पण त्यातलं धनुष्य यूचं. ते पहिलं पुस्तक म्हणून नको.

आणि येऊर? ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथली काठी तोडणं १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बांबूवाल्याकडे जा, जून आणि जाड भिंतीचा बांबू मागा.