'पाणी येत नाही' या वाक्यात शून्य शब्द

काल संध्याकाळी साडेसहा वाजता, म्हणजे पिशवी खांद्याला लावून निघावे अशा नेमक्या वेळी, साहेबांनी मला बोलावले, माझाच तक्ता माझ्यापुढे धरला आणि अत्यंत सौम्य आवाजात विचारले, "नागरिक रसाबद्दल इतक्या तक्रारी का करीत आहेत? उन्हाळा आहे म्हणून का?"

काम साधे होते. एका नगरपालिकेकडे आलेल्या मराठी तक्रारींमध्ये कोणते शब्द सर्वाधिक वेळा येतात, एवढेच मोजायचे होते. तक्त्यात पहिल्या क्रमांकावर 'आह' होता. त्याखाली 'रस', 'वर', 'गट', 'खड', 'गढ' अशी मंडळी बसली होती आणि बरेच खाली, एकटाच, 'मर' होता. 'गट' वाचून साहेबांना त्यात राजकारण दिसले. 'आह' मात्र त्यांनी मान्य केला. तक्रारींमध्ये उसासे असायचेच, असे ते म्हणाले. ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी येते, त्या गावाच्या तक्रारींत 'पाणी' हा शब्द एकदाही आलेला नाही, याकडे त्यांचे लक्ष गेले नाही. माझे गेले, आणि डोक्यात सणक गेली.

'पाणी येत नाही' हे वाक्य घ्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या रेजेक्सला, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुने शोधणाऱ्या यंत्रणेला, 'बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस' हा पॅटर्न (अर्थ: सलग अक्षरांचे तुकडे दे) देऊन यातील शब्द मागितले, की तो 'प', 'ण', 'य', 'त', 'न', 'ह' असे सहा तुकडे हातावर ठेवतो. कारण त्याच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांपैकी काहीही अक्षर नाही. स्वल्पविराम जसा शब्द तोडतो, तसाच काना शब्द तोडतो. त्यातच शब्द मोजणारी माझी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड, शहाणी: एका अक्षराचा तुकडा म्हणजे कचरा, असे ठरवून ती तो न विचारता फेकून देते. सहाच्या सहा तुकडे एकेका अक्षराचे. म्हणून 'पाणी येत नाही' या वाक्यात शब्द शून्य. ज्याच्या घरी तीन दिवस पाणी नाही, त्या माणसाने काहीच म्हटलेले नाही. 'वीज नाही' म्हणणाराही गप्प, 'डास' म्हणणाराही गप्प. 'रस्त्यावर खड्डे आहेत' म्हणणाऱ्याच्या नावावर तेवढे 'रस', 'वर', 'खड', 'आह' जमा झाले. गढूळ पाण्याची तक्रार करणाऱ्याला तर गढ मिळाला. आणि 'मराठी' या शब्दाचे काय उरते, हे आता वेगळे सांगायला नको; तो तक्त्यात खाली एकटाच बसला होता.

मला राग चुकीचा येत नाही, चूक सगळ्यांना माहीत असूनही ती तशीच राहते याचा येतो. युनिकोडच्या, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, स्वतःच्या रेजेक्स-नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की शब्दाच्या अक्षरांत ही जोडचिन्हेही धरावीत. पायथनकडे याविषयीची तक्रार २०११ साली नोंदवली गेली आहे. तरीही काल संध्याकाळी माझ्या यंत्रावर 'कुलकर्णी' टाकले, तर 'क', 'लकर' आणि 'ण' असे तीन वारसदार निघाले. 'रेजेक्स' नावाची वेगळी लायब्ररी बसवली तर हेच काम नीट होते, हे मला ठाऊक आहे. कृपया कोणी पुन्हा सांगू नये. घरात नळ असताना टँकर मागवावा लागतो, हीच तर तक्रार आहे. जावास्क्रिप्ट ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा निदान तोंडावर सांगते: तेथे हाच पॅटर्न चालवून 'मराठी' शब्दात काय सापडले असे विचारले, तर उत्तर येते 'नल', म्हणजे काहीच नाही. जावा ही तिसरी भाषाही मूळ स्वभावाने इंग्रजी अक्षरांपलीकडे पाहत नाही. या दोघींचा उद्दामपणा परवडला, कारण त्यात चूक लगेच कळते. पायथन अर्धा शब्द देतो, आणि अर्धा शब्द अहवालात अगदी खऱ्यासारखा दिसतो.

जावाचा विषय निघालाच आहे, तर एक जुना हिशेब उरकून घेतो. पत्त्यातील 'मु.पो.' वेगळे करण्यासाठी मी तिच्या स्प्लिटला, म्हणजे दिलेल्या खुणेवर मजकूर कापणाऱ्या आज्ञेला, एकदा नुसता टिंब दिला होता. तिने टिंबाचा अर्थ 'कोणतेही अक्षर' असा घेतला, सगळा पत्ता कापून काढला, मागे उरलेले सगळे रिकामे तुकडे शिस्तीत पुसले आणि रिकामा ॲरे, म्हणजे रिकामी यादी, परत दिला. एररही नाही. त्या रिकाम्या ॲरेपायी माझी एक रात्र गेली. शेवटचे रिकामे तुकडे टाकायचे आणि सुरुवातीचे ठेवायचे, हा न्याय कोणत्या पंचायतीत ठरला, ते मला आजवर समजलेले नाही. त्यातून स्प्लिटला दिलेला आकडा. पायथनला दोन सांगितले तर तो दोनदा कापतो, म्हणजे तुकडे तीन. जावाला दोन सांगितले तर तुकडे दोन, आणि उरलेले सगळे दुसऱ्या तुकड्यात. जावास्क्रिप्टला दोन सांगितले तर तीही दोन तुकडे देते, पण उरलेले सरळ गटारात टाकते ('गट'मध्ये म्हणायला हवे). तिघांनी एका टेबलावर बसून एकदा चहा प्यायला काय हरकत होती?

आणि ते लोक, जे मागून येऊन खांद्यावरून डोकावतात आणि म्हणतात, "अहो, नुसता स्प्लिट मारा ना, एका ओळीचे काम आहे." नुसता स्प्लिट मारला, म्हणजे मोकळ्या जागेवर कापले, तर 'आहे.पाणी' हा एक शब्द होतो, कारण आपल्याकडे पूर्णविरामानंतर जागा सोडणे हा वेळेचा अपव्यय समजला जातो.

तर एवढा सगळा संताप मनात साठवून, ती पॅटर्नची ओळ कोडमध्ये कोणत्या महाभागाने लिहिली हे शोधण्यासाठी मी कोडमधील बदलांचा इतिहास उघडला. दोन वर्षांपूर्वीची नोंद होती. ओळीच्या वर कॉमेंट होती: 'सर्व भाषांसाठी चालते, तपासले आहे.' खाली तपासणीचे वाक्यही होते: 'बबन घर बघ'. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. पहिलीच्या वर्गातील पहिल्या आठवड्याचे मराठी. अर्थातच चालले. नाव माझे होते.

त्यानंतर थोडा वेळ मी पाणी प्यायलो.

मग नऊ वाजता, पडलेल्या आवाजात, दुरुस्ती सुरू केली. देवनागरीचा युनिकोडमधील सगळा पट्टा, म्हणजे तिच्या चिन्हांचे सलग क्रमांक, पॅटर्नमध्ये घातला. 'पाणी' परत आले, 'नाही' परत आले, आणि कोणीतरी हिंदी वळणाने पूर्णविराम म्हणून दिलेला दंडही (।) शब्दाला चिकटून आला, कारण तो त्याच पट्ट्यात राहतो. दंड वगळला. मग दिसले की 'वाऱ्यामुळे झाड पडले' यातील 'वाऱ्यामुळे' काही तक्रारींत अखंड आहे आणि काही तक्रारींत मधोमध तुटला आहे. काही कीबोर्ड हा र नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, आणि काही साध्या र पुढे न दिसणारा जोडक, म्हणजे अक्षरे कशी जोडायची ते सांगणारे चिन्ह, घालून. जोडक पट्ट्याबाहेरचा, म्हणून तेथे कात्री. मी वैतागून सगळे जोडक आधीच पुसून टाकले, आणि ज्या तक्रारीत शाळेच्या पोषण आहाराच्या 'आचाऱ्यांना' चार महिने पगार नव्हता, तेथे आता 'आचार्यांना' पगार नव्हता. स्वयंपाकघरातून थेट विद्यापीठात बढती, तीही एक न दिसणारे चिन्ह पुसल्यामुळे. जोडक पुसायचे नाहीत, दोन्ही लेखनपद्धती एकाच रूपात आणायच्या, हे मला ठाऊक होते. रात्री साडेदहाला माणसाला ठाऊक असलेले सगळे आठवत नाही.

सव्वाअकराला तक्ता नीट झाला. 'आह' जाऊन 'आहे' आला, 'रस' जाऊन 'रस्ता' आला, 'मर' मेला. 'पाणी' चौथ्या क्रमांकावर होते. खाली 'पाण्याचा', 'पाण्याची', 'पाण्यासाठी', 'पाण्यामुळे' अशा ओळी लागल्या होत्या, पण त्या मराठीच्या आहेत, माझ्या नाहीत, असे स्वतःला बजावून मी तक्ता पाठवला आणि दिवा मालवला.

बारा वाजता साहेबांचा निरोप आला: "आता छान दिसते आहे. फक्त पाणी पाच वेळा का मोजले आहे?"