माझी गाडी कोणी चोरत नाही

टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये दोन मराठी माणसं भेटली की पूर्वी थंडीवर बोलायची, मग घरांच्या किमतींवर. हल्ली पहिला प्रश्न असतो, "गाडी आहे ना अजून?" प्रश्न रास्त आहे. २०२२ या एका वर्षात कॅनडातून एक लाखाहून जास्त गाड्या चोरीला गेल्या. त्यातून मंत्रीही सुटले नाहीत. न्यायमंत्र्यांच्या दिमतीची सरकारी टोयोटा हायलँडर २०२१ ते २०२३ या काळात तीनदा गेली. तिन्ही वेळा सापडली, म्हणजे चौथ्यांदा जायला मोकळी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ओटावात गाडीचोरीवर राष्ट्रीय परिषद भरली. त्याच सुमारास टोरोंटोतल्या एका बैठकीत पोलिसांनी नागरिकांना सांगितलं, किल्ल्या घराच्या दाराशीच ठेवा, म्हणजे चोर आत घुसून तुमच्या अंगावर येणार नाही. खात्यानं नंतर सारवासारव केली, पण आमच्या देशपांड्यांनी तोवर दाराजवळच्या कपाटावर किल्लीसाठी पितळी वाटी मांडलीसुद्धा होती. शेजारी पाण्याचा तांब्या तेवढा राहिला.

आताचा चोर काच फोडत नाही. एक जण यंत्र घेऊन घराच्या भिंतीशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. आत खुंटीवर निवांत लटकलेल्या किल्लीचा सिग्नल ते ताणून गाडीपर्यंत नेतात. गाडीला वाटतं मालक आले. ती दार उघडते, चालू होते आणि जाते. यावर उपाय म्हणजे किल्ली धातूच्या बंद डब्यात ठेवणे. आमच्या घरी हा मान साबुदाण्याच्या स्टीलच्या डब्याला मिळाला. आता डबा काम करतोय हे कसं कळणार? तर किल्ली आत टाकून, झाकण लावून, डबा गाडीजवळ न्यायचा आणि दार उघडतंय का बघायचं. तेव्हा पायात बर्फाचे बूट, कानटोपी आणि दोन्ही हातांत डबा धरून मी गाडीसमोर उभा. समोरच्या बाई पडद्याआडून बघत होत्या. मी गाडीला नैवेद्य दाखवतोय असं त्यांना वाटलं असावं. पहिल्या डब्याचं झाकण सैल निघालं, दार उघडलं. मग रव्याचा डबा रिकामा करावा लागला.

हे सगळं बायकोच्या गाडीसाठी. तिची एसयूव्ही चोरांच्या आवडत्या यादीत वर आहे. माझी जुनी हॅचबॅक गिअरची. कात्रजच्या घाटात, पुढे एसटी आणि मागे ट्रक असताना, हाफ क्लचवर गाडी धरायला शिकलेला माणूस मी. डावा पाय रिकामा ठेवून गाडी चालवायची म्हणजे मला चालवल्यासारखंच वाटत नाही. त्यात इकडे अशी समजूत आहे की तिसरं पेडल म्हणजे चोराविरुद्धचं सर्वोत्तम कुलूप. अमेरिकेत नव्या विकल्या जाणाऱ्या शंभर गाड्यांत गिअरची जेमतेम एखाद-दुसरी असते, तेव्हा चोरांच्या नव्या पिढीला क्लच कुठून ठाऊक असणार? अधूनमधून बातम्याही येतात: चोरांनी पिस्तूल दाखवून मालकाला उतरवलं, आत बसले, गाडीनं आचके दिले, आणि चोर पायी पळाले. अशा बातम्या मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न चुकता टाकत असे.

देशपांड्यांनी एकदा गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत माझी हवा काढली. म्हणाले, "तुझी गाडी क्लचमुळे वाचलेली नाही. ती कुणाला नकोय."

मला लागलं ते. पण देशपांड्यांचा अभ्यास दांडगा. इथली चोरी हौशी पोरांची राहिलेली नाही. मागणी येते, त्याप्रमाणे माल उचलला जातो: होंडाची सीआर-व्ही, टोयोटाची आरएव्ही-४, फोर्डची एफ-१५०. मग कंटेनर, माँट्रियलचं बंदर आणि तिथून पश्चिम आफ्रिका नाहीतर आखात. एप्रिल २०२४ मध्ये पोलिसांनी जाहीर केलं की त्या बंदरात अशा ५९८ गाड्या सापडल्या. आता एवढा कारभार हाकणाऱ्या टोळीला क्लच दाबता येणारा एक माणूस मिळणार नाही? नाहीच मिळाला तर ट्रकवर घालून नेतील. आणि पुण्यातला चोर तर क्लचवरच शिकलेला असतो. तिथे ऑटोमॅटिक गाडी उचलायला गेला तर डावा पाय कुठे ठेवू म्हणून गोंधळेल. थोडक्यात, क्लच अडवतो तो फक्त नवशिक्याला, आणि नवशिक्यालाही माझी हॅचबॅक दिसेपर्यंत दुसरी बरी गाडी दिसतेच.

बाकी सगळ्यांना मात्र ती चोख अडवते. मिसिसागाच्या एका लग्नात हॉलच्या दाराशी गाड्या लावून देणारा सुटाबुटातला पोरगा आत डोकावला, तीन पेडलं बघितली आणि अदबीनं म्हणाला, "सर, तुम्हीच लावता का?" बाकीचे पाहुणे आत चाटवर तुटून पडले होते, मी शेरवानीत जागा शोधत होतो. चिरंजीवांना मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवायला नेलं. गाडी बंद पडली की तो म्हणे, "बाबा, हे सॉफ्टवेअर अपडेट करता नाही का येत?" विमा कंपनीच्या मुलीनं फोनवर विचारलं, चोरीविरुद्ध काही बसवलंय का? म्हटलं, क्लच आहे. ती म्हणाली, "बसवल्याची पावती पाठवा."

सगळ्यात कडक बंदोबस्त बायकोचा. कारण असा की ड्राइव्हवेत दोन गाड्या एकामागे एक लागतात, आणि मोहाची गाडी आत, बिनमोहाची रस्त्याच्या बाजूला लावावी असा जाणकारांचा सल्ला. म्हणजे माझी हॅचबॅक दर रात्री हिच्या एसयूव्हीच्या मागे, वाट अडवून. योजना निर्दोष होती. फक्त हिची हॉस्पिटलची ड्यूटी सातची, घरातून निघायचं सहाला, आणि हिला गिअरची गाडी येत नाही.

"अरे ऊठ, गाडी काढ."

बाहेर उणे अठरा. पायजम्यावर पार्का. सीट दगडासारखी गार, गिअरमधलं तेल घट्ट झालेलं. खांद्यापासून जोर लावल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. गाडी मागे रस्त्यावर घ्यायची, हिला जाऊ द्यायचं, परत आत लावायची. झोप तोवर पार उडालेली.

गेल्या आठवड्यात शेजारचे पाजी आले. त्यांनी नवीकोरी पिकअप घेतली आहे. गाडीची वाट अडवायला ड्राइव्हवेच्या जमिनीत खांब बसवून घ्यायचा खर्च ऐकून आल्यामुळे ते माझ्या हॅचबॅककडे फार आदरानं बघत होते. रात्रीपुरती ती त्यांच्या पिकअपच्या मागे लावता येईल का? बदल्यात दर रविवारी मुळ्याचे पराठे. हिनं "मग माझ्या गाडीचं काय?" असं विचारल्यावर पाजींनी दिवस वाटून घेण्याचा तोडगाही काढला.

पराठ्यांबद्दल वाद नाही. पण पाजी निघतात पहाटे साडेचारला, आणि क्लच त्यांनाही येत नाही.