उकिरड्यातली अळी म्हणजे हुमणी नव्हे

करवीर तालुक्यात एक संदेश मोबाइलवर गावोगाव फिरतोय: ‘शेणखतातल्या पांढऱ्या अळ्या म्हणजेच हुमणी. शेणखतातूनच ती उसात जाते. शेणखत बंद करा, उकिरड्यावर औषध ओता.’ शेजारच्या काकांनी हे वाचून दोन गाड्या खत बांधावरच ठेवलं, म्हणून लिहितोय.

‘अळ्या त्याच.’ नव्हेत. उकिरडा उकरला की अंगठ्याएवढी जाड, मागून काळपट अळी निघते ती बहुधा गेंड्या भुंग्याची. ती कुजकं शेण, कुजका पालापाचोळा खाते. हुमणी मातीत राहते आणि जिवंत मुळं कुरतडते. पिवळा पडलेला ऊस ओढून बघा, मुळांशिवाय अलगद हातात येतो. अळी फरशीवर ठेवल्यावर उताणी होऊन पाठीवर सरपटत निघाली, तर ती या दोन्हींतली नव्हे. ती खतातल्या तिसऱ्याच भुंग्याची, उसाला निरुपद्रवी.

‘हुमणी खतातूनच येते.’ तिचा भुंगेरा, म्हणजे अळी मोठी झाल्यावर होणारा किडा, तपकिरी, जेमतेम दोन सेंटिमीटरचा. वळीव पडला की तिन्हीसांजेला मातीतून उठतो, कडुनिंब-बाभळीचा पाला खातो आणि पहाटेआधी पुन्हा मातीत शिरतो. मादी अंडी घालते ती शेतातच. वर्षाला एकच पिढी. अळी पावसाळ्यात वाढते, म्हणून ऊस ऑगस्ट-सप्टेंबरात वाळताना दिसतो. पंचगंगा-वारणेकाठी हुमणीची आणखी एक जात आहे, तीही मुळंच खाते.

कच्चं खत टाकू नये, एवढं मात्र खरं. त्यासाठी ढीग खालीवर करा, अळ्या वेचून कोंबड्यांना टाका, खत पूर्ण कुजू द्या. शेणखत बंद केलं तर आपल्या उसाच्या जमिनीचा कसच जाईल.

उकिरड्यावर ओतलेल्या औषधानं उसातली हुमणी मरत नाही, उलट ते विष खतासोबत रानात जाऊन गांडुळं मारतं. वळवानंतर रात्री कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. मात्र हे सगळ्या गावानं मिळून करायला हवं; भुंगेरा बांध ओळखत नाही. हुमणीला मारणारी मेटारायझियम नावाची बुरशीही उपयोगी पडते.

गेंड्या भुंगा खरा वैरी नारळाचा. काळा, शिंगाचा, चार-पाच सेंटिमीटरचा. शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरतो आणि पुढं पान उलगडलं की कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोण दिसतात. काकांच्या अंगणातल्या माडाला तसेच त्रिकोण आहेत. उकिरडा तिथून वीस पावलांवर.