वडावरच्या वटवाघळांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पुण्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "वटवाघळं कोरोना आणि निपाह पसरवतात, कायद्यानं ती उपद्रवीच आहेत, शिवाय लाखोंनी आहेत. झाड तोडून हाकलली तर काही बिघडत नाही." आमच्या नदीकाठच्या वडाकडे बोट दाखवून तो पाठवला जातोय, म्हणून लिहितोय.

कोरोना: कोविडच्या विषाणूचे सर्वांत जवळचे भाऊबंद सापडले ते नालेच्या आकाराचं नाक असलेल्या, किडे खाणाऱ्या वटवाघळांत. वडावर लटकणारी आपली मोठी फळखाऊ वटवाघळं वेगळ्याच कुळातली.

निपाहची भीती मात्र निराधार नाही. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेला २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत त्याच्या खुणा मिळाल्या. पण माणसाला तो होतो उष्ट्या फळातून, बांगलादेशात शिंदीच्या कच्च्या रसातून, किंवा रुग्णाच्या निकट सहवासातून. चोच-दात लागलेलं फळ फेकून द्या. झाड पाडलं तर थवा शेजारच्या गल्लीत जाईल, विषाणू घेऊनच.

कायदा: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत पाचव्या, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या, अनुसूचीत होती, हे खरं. ती अनुसूचीच २०२२ च्या दुरुस्तीनं गेली. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. वड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच.

"लाखोंनी आहेत" हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. आपली जात, टेरोपस मिडियस, पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत आढळते आणि कोणती जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत 'कमी चिंतेची' आहे. तिची एक बहीण, टेरोपस नायजर, मॉरिशसची. तिथंही लोक म्हणत होते, फार झालीत, आंबा-लिची खातात. सरकारनं २०१५ मध्ये मोहीम काढली, एका वर्षात तीस हजारांहून अधिक मारली, पुढच्या वर्षी पुन्हा. २०१८ मध्ये ती लाल यादीत 'असुरक्षित' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात गेली. त्याच बेटांवरची तिसरी बहीण, टेरोपस सबनायजर, एकोणिसाव्या शतकातच संपली होती. आपल्या जातीला मोठा मुलूख आहे, तिचं तसं लगेच होणार नाही. पण पिलू दोघींनाही वर्षाला साधारण एकच होतं. आंब्याच्या दिवसांत वडाखाली उभे राहून वर पाहा, माद्यांच्या छातीला ती बिलगलेली दिसतील.