डॉक्टर व्हा, १ नोव्हेंबरच्या आत

तुमचं मूल आठवीत गेलं आणि तुम्ही अजून बीएस-एमडीचा, म्हणजे शाळेतूनच कॉलेज आणि मेडिकलची जागा एकदम देणाऱ्या कार्यक्रमांचा, एकही वेबिनार ऐकला नसेल, तर मंडळी, गाडी सुटली म्हणून समजा. अमेरिकेत एडिसन असो, फ्रीमाँट असो की फ्रिस्को, आपल्या माणसांच्या घरी हल्ली वाढदिवसाचा केक कापायच्या आधीच विचारलं जातं, "मग, डायरेक्ट मेडिकल ना?" तेव्हा ही छोटीशी मार्गदर्शनपर सेवा. फी नाही. मी पैसे घेऊन प्रवेशाचं मार्गदर्शन करणारी काउन्सेलर नाही, हॉस्पिटलात पेशंट बघते. पण काउन्सेलर मंडळींच्या कृपेने गेल्या आठवड्यात माझ्या व्हॉट्सॲपवर जे येऊन पडलं, त्यानंतर गप्प बसवत नाही.

डॉक्टर का व्हायचंय, यावर मुलाशी बोलण्यात वेळ घालवू नका. हा प्रश्न अर्जासोबतच्या निबंधात, म्हणजे एसेत येतो, आणि तिथे सांगलीच्या आजीला आजारी पाडता येतं. (आजी ठणठणीत आहेत, रोज पहाटे फिरायला जातात. नातवासाठी एवढं करतील.)

सरळ रस्ता तुम्हाला ठाऊक आहेच. चार वर्षं कॉलेज, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मग मेडिकलचे अर्ज. देशभरात दरवर्षी ५० हजारांहून जास्त अर्जदार आणि जागा सुमारे २३ हजार, म्हणजे निम्म्याहून अधिक लोक हात हलवत परत. त्यापेक्षा सतराव्या वर्षीच कॉलेज आणि मेडिकल दोन्ही जागा एकदम पटकावलेल्या बऱ्या. बऱ्याच ठिकाणी एमकॅटही माफ असते. साडेसात तासांची ती एक परीक्षा चुकवण्यासाठी मुलाला आठवीपासून पाच वर्षं परीक्षेलाच बसवायचं, हा हिशेब ज्याला पटत नाही, त्याने आपल्याकडची बारावी केलेलीच नाही.

अर्ज कुठे करायचा? सगळीकडे. कॉमन ॲपवर, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायच्या वेबसाइटवर, २० कॉलेजांची मर्यादा आहे, ती किमान मर्यादा समजा. मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचं यूएमकेसी विद्यापीठ १९७१ पासून सहा वर्षांत डॉक्टर करून देतंय. मुलाला नकाशावर मिझुरी दाखवता आलं नाही तरी चालेल. टीसीएनजे हे कॉलेज आणि न्यूअर्कचं मेडिकल स्कूल यांचा सात वर्षांचा कार्यक्रम तर आपल्या न्यू जर्सीतच, म्हणजे डबा पोचवता येईल. ब्राउन विद्यापीठाच्या पीएलएमई या अशाच कार्यक्रमाला आठ वर्षं लागतात, कारण मुलांनी तिथे इतिहास, संगीत, तत्त्वज्ञान, जे आवडेल ते मोकळेपणाने शिकावं अशी त्यांची अपेक्षा असते. हा भाग वाचू नका. 'आयव्ही लीग' एवढं वाचलंत की पुरे.

अर्ज अर्ली डिसिजनलाच टाका. तारीख १ नोव्हेंबर, उत्तर डिसेंबरच्या मध्यात. घेतलं तर जायलाच हवं असा करार असतो, त्यावर मुलाची, पालकांची आणि शाळेतल्या काउन्सेलरची सही लागते. ब्राउनला अर्ली टाकलंत, कॉलेजने घेतलं पण पीएलएमईने नाही घेतलं, तरी जाणं भागच. ते लपवून ठेवलेलं नाही, स्वच्छ लिहिलेलं असतं. पण सही करण्याआधी वाचायची आपल्यात पद्धत कुठे आहे? डिसेंबरात घरात रडारड झाली की "फसवलं आम्हाला" म्हणायला आपण मोकळे.

जागा मिळाल्यावरही जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, राखावा लागतो, काही ठिकाणी एमकॅट शेवटी द्यावीच लागते, हे कुणाला सांगू नका. पेढे वाटून झालेले असतात.

ग्रीन कार्ड नसेल तर वरचं सगळं विसरा. यातले बरेच कार्यक्रम फक्त नागरिक आणि पर्मनंट रेसिडेंट यांनाच घेतात. मूल दोन वर्षांचं असताना इथे आलं असलं तरी. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या प्रायॉरिटी डेटविषयी मी काहीही बोलणार नाही.

पैशाचं नंतर बघू. नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नवीन कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, आणि मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. वरचा खर्च खाजगी बँक देईल, व्याज नातवंडं फेडतील.

रिसर्च हवाच. साडूच्या मित्राची लॅब चालेल.

समाजसेवाही हवी. उन्हाळ्यात भारतात जाल तेव्हा लग्नं आणि खरेदी यांच्या मधल्या दोन दिवसांत एक एनजीओ काढा. नावात 'ग्लोबल' असावं. जिल्हा परिषदेच्या शाळेत टूथब्रश वाटा, फोटो काढा, संध्याकाळपर्यंत पुण्याला परत. गावाचं नाव आठवलं नाही तर 'रूरल महाराष्ट्र' लिहा.

आता शॅडोइंग. म्हणजे डॉक्टरच्या मागे मागे फिरून काम बघणं. यासाठी आपल्या ओळखीतला डॉक्टर शोधावा, शक्यतो गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, कारण हातात ताट असताना माणूस पळू शकत नाही. मला एका काकांनी असंच गाठलं. "ताई, आमच्या चिरंजीवांना जरा तुमच्यामागे फिरू द्या, तुम्ही आपल्याच ना." मी व्हॉलंटियर ऑफिसचा नंबर दिला. फॉर्म, लसींचे कागद, टीबीची टेस्ट, ओरिएंटेशन, हे सगळं करावं लागतं, आणि खोलीत शिरण्याआधी पेशंटला विचारावं लागतं. "एवढं कशाला, आपल्याच ओळखीत?" असं काका म्हणाले. कशाला म्हणजे? १९९६ पासून पेशंटची खाजगी माहिती जपणारा हिपा कायदा आहे म्हणून. आणि कायदा नसता तरी, उघड्या पाठीचा गाऊन घालून पडलेल्या माणसासमोर एका अनोळखी मुलाला उभं करायचं तर त्या माणसाला विचारणार की नाही?

मुलगा एकदाच आला, एका सकाळी. गोड पोरगा. पेशंट खोकला की मॉनिटरवरची रेघ अशी का उडते, असं त्याने विचारलं. हा प्रश्न मला कित्येक इंटर्न विचारत नाहीत. म्हटलं, हा परत यायला हवा. परत आला नाही. शनिवारी एसएटीचा क्लास, रविवारी रोबोटिक्स.

आणि गेल्या आठवड्यात, डेडलाइन तोंडावर आल्यावर, त्याच्या बाबांचा मेसेज. माझ्या नावाचं तयार पत्र, माझ्या पदवीसकट. या विद्यार्थ्याने माझ्या देखरेखीखाली १२० तास शॅडोइंग केलं. 'ताई, फक्त सही करा, काउन्सेलरने फॉरमॅट दिलाय.' सोबत त्याचा एसे, 'काही इंप्रूव्ह करायचं असेल तर सांगा.' त्यात माझ्या वॉर्डात एक म्हातारी बाई मरणासन्न पडलेली आहे, हा तिचा हात धरून बसलाय, ती त्याला काहीतरी सांगते आणि डोळे मिटते. त्या क्षणी याला कळलं म्हणे, डॉक्टरच व्हायचं.

त्या सकाळी माझ्या वॉर्डात कुणी मेलं नाही. मी तिथेच होते.

मी 'नाही' कळवलं. त्यावर उत्तर: 'सगळेच करतात ताई, मुलाच्या करिअरचा प्रश्न आहे.' आणि खाली हात जोडलेला इमोजी.

काका, आता सरळच बोलते. आमच्या कामात न केलेलं केलं म्हणून लिहिणं ही किरकोळ गोष्ट नसते. रात्री तीन वाजता नर्स चार्ट उघडते, त्यात 'पोट तपासलं, मऊ आहे' असं लिहिलेलं असतं, आणि त्यावर विसंबून ती पुढच्या पेशंटकडे जाते. कुणी न तपासताच ते लिहिलेलं असेल, तर सकाळपर्यंत आतडं फुटलेलं असू शकतं. तुम्ही सतरा वर्षांच्या पोराला हेच शिकवताय, तेही मेडिकलच्या दारात उभं करून. काउन्सेलरला हजारो डॉलर मोजून शिकवताय. आणि 'सगळेच करतात' म्हणजे नेमकं कोण? माझ्याच व्यवसायातली मंडळी डोळे झाकून अशा पत्रांवर सह्या करतात, म्हणून तर मला विचारायची तुमची हिंमत झाली. त्यांनाही लाज वाटायला हवी.

यंदा जागा नाही मिळाली तर मुलगा साध्या कॉलेजात जाईल, विशी-बाविशीत एमकॅट देईल. माझ्याबरोबर काम करणारे कितीतरी डॉक्टर असेच आलेत, आणि तुम्हाला छातीत दुखलं तर त्यांच्याच हाताखाली पडायचंय तुम्हाला. पत्र हवं असेल तर देते, त्या एका सकाळचे जेवढे तास झाले तेवढे लिहून. मॉनिटरबद्दल त्याने काय विचारलं तेही लिहीन. जास्त तास हवे असतील तर त्याला पाठवा, फॉर्म भरून, रोबोटिक्स बुडवून. आणि त्या बाईंना एसेतून आजच्या आज काढा.